पहिले वाक्य आणि पहिले बक्षीस

श्रोतेहो, खोपोलीजवळचे साजगाव आपल्या खालापूर-कर्जत भागात कोणाला ठाऊक नाही? बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेले हे गाव. इथल्या विठोबाला लोक धाकट्या पंढरीचा विठोबा म्हणतात, आणि सुक्या मासळीच्या बाजारावरून प्रेमाने 'बोंबल्या विठोबा'ही म्हणतात. कार्तिकी एकादशीच्या सुमारास इथे यात्रा भरते. एकीकडे टाळ-मृदंग, दुसरीकडे बोंबील, जवळा आणि सोड्यांचे ढीग. घाटावरची माणसे खाली उतरतात, किनाऱ्याकडची माणसे वर येतात, आणि दोघांची गाठ पडते ती इथे.

अशा यात्रेत एकदा उगाच उभे राहून ऐकावे. शंभर विक्रेते ओरडत असतात. माल बहुधा सारखाच असतो आणि भावातही फारसा फरक नसतो. तरी एकाच्या हाकेने आपले पाऊल अडते आणि दुसऱ्याच्या हाकेने अडत नाही. असे का व्हावे? ज्याची हाक नेमकी असते, ज्याच्या बोलण्यात आपल्या घरच्या गरजेची खूण पटते, त्याच्यापुढे आपण थांबतो. पिशवी उघडायची की नाही ते पुढचे. आधी थांबले पाहिजे!

गोष्टीचेही तसेच आहे. तिचे पहिले वाक्य म्हणजे यात्रेतली हाक. आणि बक्षीस? बक्षीस म्हणजे बाजारातल्या चार शहाण्यांनी एका दुकानावर लावलेला झेंडा. झेंडा पाहून माणसे येतात हे खरे. पण माल घरी नेऊन चव घेतल्यावर पुन्हा त्याच दुकानी यायचे की नाही, हे झेंडा ठरवीत नाही. मराठी गोष्टीला आणि कादंबरीला आजवर मिळालेल्या आणि न मिळालेल्या बक्षिसांची हकीकत या दृष्टीने पाहू. तिच्यात आपल्या शाळांसाठी एक महत्त्वाचा धडा आहे.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. आपल्या आज्या व्रताच्या कहाण्या सांगत, त्यांची सुरुवात ठरलेली असे. 'आटपाट नगर' हे शब्द कानी पडले की पोरे गप्प! ते नगर कोणत्या तालुक्यात, हे कोणी विचारीत नसे. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करी आणि उत्तररंगात आख्यान लावी. आख्यानाची सुरुवात पडली, तर समोरची मंडळी जांभया देऊ लागत. तेव्हा परीक्षक समोरच बसलेला असे आणि निकाल जागच्या जागी लागे.

छापील पुस्तकाला बक्षीस देण्याची पद्धत आली ती पुण्याच्या दक्षिणेतून. पेशवाईत श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. १८१८ साली पेशवाई गेली. इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम बंद केली नाही, तिला हळूहळू कात्री लावली. १८४९ साली पुण्यातल्या काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशाचा एक भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा. जुन्या मंडळींनी मोठा गहजब केला. तरी पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली आणि मराठी पुस्तकांना सरकारी बक्षिसे मिळू लागली. ही गोष्ट लहान नव्हे. संस्कृतासाठी राखलेला पैसा मराठीकडे वळला, हा मराठीचा मोठाच मान होता.

पण ती मराठी कोणाची? १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहून याच कमिटीकडे पाठविले. ते नाटक खरे, पण त्यात गोष्टच आहे, आणि तीही आपल्यासारख्यांच्या घरची. एका गरीब कुणब्याची बायको गरोदर आहे. तिच्या दारी एक जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि त्या अडाणी जोडप्याला खर्चात लोटतो. शेवटी नवरा-बायको शिकायचे ठरवितात. विद्या हाच माणसाचा तिसरा डोळा, हे त्या नावाचे मर्म. कमिटीने ते नाटक नाकारले. जोतीरावांनी पुढे स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली, आणि कमिटीतल्या भटजींच्या वजनापुढे काही चालले नाही, असा दोष स्पष्ट शब्दांत दिला. नाटक कागदावरच राहिले. ते छापून सर्वसामान्य वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. सव्वाशे वर्षांच्या आत-बाहेर!

मंडळी, एवढ्यावरून परीक्षक वाईटच असतात असे म्हणायचे नाही. परीक्षकाच्या कानाला ज्या बोलीची सवय नसते, ती बोली त्याला 'अशुद्ध' वाटते, आणि तो हात आखडता घेतो. हे दुखणे जुने आहे. आजही ते पुरते गेले आहे असे नाही.

मराठी कादंबरीचा जन्मही याच सुमाराचा. १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. यमुना आपल्या नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहते. पुढे १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. तिच्यात अद्भुत प्रसंग, संकटे आणि सुटका यांची रेलचेल आहे. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून येऊ लागली. पंधरा वर्षांच्या आत सामाजिक, अद्भुत आणि ऐतिहासिक अशी तीन दुकाने मराठीच्या बाजारात लागली, म्हणा ना.

नंतर आले हरी नारायण आपटे. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली. तिची सुरुवात फार साधी आहे. यमू नावाची मुलगी स्वतःच आपल्या लहानपणापासूनची हकीकत सांगू लागते. ना राजा, ना राजवाडा. घरातल्या पोरीच्या बोलण्यात गोष्ट सुरू होते आणि वाचता वाचता आपण तिच्या दुःखात पुरते बुडून जातो. या पुस्तकाला मोठे केले ते कोणत्या कमिटीने नव्हे. दर आठवड्याला अंकाची वाट पाहणाऱ्या वर्गणीदारांनी. आणि काळाचा न्याय पाहा. आज महाराष्ट्र शासन प्रौढ वाङ्मयातल्या उत्तम कादंबरीला जो पुरस्कार देते, त्याला हरी नारायण आपट्यांचेच नाव आहे. लघुकथेच्या पुरस्काराला दिवाकर कृष्णांचे, आणि नवख्या लेखकाच्या पहिल्या कथासंग्रहाच्या पुरस्काराला ग. ल. ठोकळ या ग्रामीण लेखकाचे नाव आहे.

स्वातंत्र्यानंतर बक्षिसांना नवे बळ आले. १९५४ साली दिल्लीत साहित्य अकादमी सुरू झाली आणि १९५५ पासून तिचे पुरस्कार मिळू लागले. मराठीतला पहिला मान तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या वैचारिक ग्रंथाला मिळाला. कादंबरीची पाळी आली १९६० साली, वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'च्या रूपाने. पुराणातला राजा, पण तो स्वतःच आपली कथा सांगू लागतो, जणू आपल्यासमोर बसून कबुली देतो आहे. १९६३ साली श्री. ना. पेंडसे यांच्या 'रथचक्र'ला पुरस्कार मिळाला. मुलांना शिकवून मोठे करण्यासाठी घराबाहेर पडलेली कोकणातली एक बाई या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. १९६४ साली रणजित देसाई यांची 'स्वामी' ही थोरल्या माधवरावांवरची ऐतिहासिक कादंबरी, आणि १९६५ साली पु. ल. देशपांडे यांचे 'व्यक्ती आणि वल्ली'. पौराणिक, कौटुंबिक, ऐतिहासिक, विनोदी, असे लेखनाचे किती प्रकार सहा वर्षांत एका ओळीत येऊन बसले!

आता तीन पुस्तकांच्या सुरुवातीकडे विशेष लक्ष द्या. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तर अवश्य द्यावे.

पहिले, व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी', साल १९५५. एक तरुण मास्तर पहाटे घरून निघतो आणि माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवरच्या शाळेत हजर व्हायला पायी चालत जातो. बस, एवढीच सुरुवात. निसर्गाची फुलबाग नाही की तत्त्वज्ञानाचा घोळ नाही. पण बदलीच्या गावी एकटा चालत गेलेल्या कोणत्या मास्तराच्या काळजाला ती भिडणार नाही? माडगूळकर पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत दीर्घकाळ होते. कानाने लिहावे कसे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. पुढे १९८३ साली त्यांच्या 'सत्तांतर'ला अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीत माणसे नाहीतच, वानरांच्या टोळ्या आहेत.

दुसरे, अण्णा भाऊ साठे यांचे 'फकिरा', साल १९५९. त्याची सुरुवात आपल्या साजगावकरांना लगेच कळेल, कारण तिच्या मुळाशी यात्रेचाच मान आहे! शेजारच्या गावची जोगणी आपल्या गावात आणली, तर यात्रा आपल्या गावी भरणार. हे काम फकिराचा बाप राणोजी अंगावर घेतो. तो जोगणी आणतो, पण त्यात त्याचा जीव जातो. गावाने ज्याला वेशीबाहेर ठेवले, तोच गावाच्या मानासाठी मरतो. या पुस्तकाला १९६१ साली राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंचे शाळेतले शिक्षण जवळजवळ नव्हतेच. १८५५ साली कुणब्याच्या घरची गोष्ट सरकारी कमिटीने परत पाठविली होती. १९६१ साली मांगवाड्यातली गोष्ट सरकारने गौरविली. हा फरक पडायला शंभरावर सहा वर्षे लागली.

तिसरे, भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला', साल १९६३. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर आरंभीच आपले नाव आणि वय सांगतो, एखाद्या पोराने नव्या वर्गात उभे राहून सांगावे तसे. त्या साधेपणाने त्या काळी पुष्कळांना धक्का बसला. नेमाड्यांना पुढे २०१४चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला.

या तीनही सुरुवातींत सारखे काय आहे? कोणी चालतो आहे, कोणी काही आणायला निघाला आहे, कोणी आपले नाव सांगतो आहे. लेखक दारात उभा राहून भाषण देत नाही; तो आपल्याला हात धरून सरळ घरात नेतो.

आता आपल्या मुलखाजवळ येऊ. कर्जत-खोपोलीच्या माथ्यावर राजमाची दिसते. आयुष्य मुंबईत घालवून उतारवयात तिथे परतलेल्या एका म्हाताऱ्याची कथा गो. नी. दांडेकरांनी 'माचीवरला बुधा'मध्ये सांगितली. ठाकरांच्या जीवनावर त्यांनी 'जैत रे जैत' लिहिली. तिच्यावरचा १९७७ सालचा चित्रपट मराठीतला सर्वोत्तम म्हणून राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. आपल्याच जिल्ह्यातल्या उरणला १९१५ साली दि. बा. मोकाशी जन्मले. रेडिओ दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय! आपल्या श्रोत्यांना याचे कौतुक वाटेल. त्यांच्या 'आनंदओवरी'त तुकोबा नाहीसे झाले आहेत आणि धाकटा भाऊ कान्हा त्यांचा शोध घेतो आहे. साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली कथा, पण भावाच्या तोंडून ऐकताना ती नवी होते. तुकोबा कोकणात मिरच्या विकायला आले होते, अशी कथा महिपतींनी सांगितली आहे, आणि साजगावकर ती आपल्या यात्रेशी जोडतात. गिऱ्हाइकांनी आपल्या हाताने माप घ्यावे, असा त्यांचा व्यापार. तेव्हा तुकोबांना शोधणाऱ्या त्या भावाची वाट आपल्याला परकी वाटणार नाही.

मोकाशींची 'आता आमोद सुनांसि आले' ही कथाही अशीच. पोटचा मुलगा गमावलेला एक लोहार दुःखाने दगड झाला आहे, आणि अडलेल्या गाईला सोडविण्यासाठी त्याला उठावे लागते. या कथेवर सुमित्रा भावे यांनी 'दिठी' हा चित्रपट केला.

काही प्रकारांना मात्र बक्षिसांच्या पंगतीत पाट मिळाला नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. वाचनालयांतून त्यांच्या झुंजार आणि काळापहाडच्या पुस्तकांची पाने झिजून गेली. कित्येकांना वाचनाची गोडी लागली ती तिथेच. पण 'साहित्य' म्हणून त्या पुस्तकांची मोजदाद करायला जाणकार कचरत राहिले. झिजलेले पानही एक प्रशस्तिपत्रच असते, हे आपण विसरू नये.

विज्ञानकथेचा प्रवेश तर मोठा गमतीचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तिच्यात नारायण विनायक जगताप नावाच्या एका अनोळखी लेखकाची 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. मागाहून कळले, की हे जगताप म्हणजे प्रत्यक्ष डॉ. जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी फिरवून त्यांनी हे नाव तयार केले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. नारळीकर तेव्हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. खऱ्या नावाने कथा पाठविली असती, तर बक्षीस कथेला मिळाले की नावाला, हा संशय त्यांच्याच मनात राहिला असता. त्यांनी तो आधीच दूर केला. पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली ते गेले, पण 'जगतापां'चा हा धडा प्रत्येक स्पर्धेच्या परीक्षकाने गाठीला बांधावा असा आहे.

दुसरा धडा जी. ए. कुलकर्णी यांचा. त्यांच्या 'काजळमाया' या कथासंग्रहाला १९७३चा अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी पुरस्कार परत केला. पुरस्कार गेला; 'काजळमाया' राहिली. आजही ती वाचली जाते. अलीकडे २०१६ साली आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला आणि २०२१ साली किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला अकादमीने गौरविले. दोन्ही कथासंग्रह, आणि दोन्ही गावच्या मातीतले. म्हणजे वाट आता रुळली आहे.

मग साजगावच्या, कर्जतच्या, खालापूरच्या शाळेला या हकीकतीशी काय कर्तव्य? ते सांगून संपवितो, आणि त्यासाठी माझी एक चूक कबूल करतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी याच भागातल्या शाळकरी मुलांच्या एका कथास्पर्धेत मी परीक्षक होतो. एका मुलाची गोष्ट 'बापूस रानान गेला, तो सांज झाली तरी आला नाय' अशी सुरू होत होती. मी लाल पेन्सिल घेतली. 'बापूस'चे वडील केले, 'रानान'चे रानात केले, 'नाय'ला काना-मात्रा दिली, आणि शुद्धलेखनाचे गुण कापले. पहिले बक्षीस दिले ते 'रम्य पहाट होती, पक्षी किलबिलाट करीत होते' अशा सुरुवातीच्या गोष्टीला. आज त्या रम्य पहाटेचे पुढे काय झाले ते मला आठवत नाही. पण तो बापूस आला की नाही, हे मात्र मनातून जात नाही. त्या मुलाने पुढे कधी काही लिहिले का, तेही कोणास ठाऊक. दक्षिणा कमिटीला नावे ठेवणारा मी, त्या दिवशी त्याच कमिटीच्या खुर्चीत बसलो होतो!

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींनो, एवढे करून पाहा. वर्गात गोष्टींची स्पर्धा घ्याल तेव्हा कागदावर नाव लिहू देऊ नका, नुसता आकडा घाला. प्रत्येक गोष्टीची पहिली चार वाक्ये मोठ्याने वाचा आणि मुलांना विचारा, 'पुढे ऐकायचं कोणाला?' हात किती वर गेले ते मोजा. मग शुद्धलेखन शिकवा, जरूर शिकवा. पण ते वेगळ्या तासाला. ठाकरवाडीतल्या, कातकरवाडीतल्या, आगरी पाड्यावरच्या मुलाच्या तोंडचा पहिला शब्द खोडण्यापूर्वी क्षणभर थांबा. तो शब्द त्याने घरून आणलेला असतो.

यंदा साजगावच्या यात्रेला गेलात, तर मुलांनाही न्या. कोणाच्या हाकेने पाय थांबला, ते त्यांना घरी आल्यावर लिहायला सांगा. लिहिलेले परत द्याल तेव्हा लाल पेन्सिल मात्र खिशातच राहू द्या.